हे स्तोत्र कुणाचे?

२०२३ सालचा झावळ्यांचा रविवार होता. सांगली जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात कुटुंबे थोडी, चर्चही लहान. तरीही त्या दिवशी मागच्या भिंतीपर्यंत माणसे उभी होती. मिरवणूक झाली, पहिले वाचन झाले, प्रतिसाद म्हणून बाविसावे स्तोत्र गाइले गेले आणि पुढे मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचण्यात आला. त्याच स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांनी प्रभूने क्रुसावरून आक्रोश केला, हे त्या वृत्तांतात येते. साहजिकच प्रवचनासाठी मी तोच धागा धरला.

त्या दिवशी मी रंगात आलो होतो, हे आज कबूल करतो. प्रभूच्या जन्मापूर्वी शेकडो वर्षे एका कवीने कालवरीची टेकडी जणू डोळ्यांनी पाहिली, असे मी म्हणालो. निंदकांचे डोके हलवणे, वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकणे, हातापायांना झालेली इजा, असा एकेक तपशील मी बोटांवर मोजून दाखवला. यातला एक शब्द तरी दुसऱ्या कुणा माणसाला लागू पडतो का, असा सवाल टाकला आणि 'नाही' हे उत्तरही मीच देऊन मोकळा झालो. युवक मंडळातील दोघेतिघे वहीत टिपून घेत होते. महाविद्यालयात मित्रांशी वाद घालताना हे उपयोगी पडेल, असे त्यांच्यातील एकाने नंतर मला सांगितलेही. मी सुखावलो.

मिस्सा संपल्यावर सर्व जण पांगले, तरी एक बाई थांबून राहिल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. गावातील दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या. त्यांचा एकुलता मुलगा २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. नातेवाइकांना आत सोडत नसत. अकरा रात्री या बाई रुग्णालयाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होत्या. सोबत पाण्याची बाटली आणि पिशवीत गुंडाळलेले बायबल.

"फादर, एक विचारू का? रागावणार नाही ना?" त्या म्हणाल्या. "ते स्तोत्र मी त्या अकरा रात्री म्हणत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. आज तुम्ही सांगितलंत, त्यातला शब्द न् शब्द प्रभूविषयी आहे, दुसऱ्या कुणाला तो लागूच पडत नाही. मग मी म्हणत होते ते काय होतं? दुसऱ्याचं पत्र मी आपलं म्हणून वाचत बसले होते का?"

मी काहीतरी उत्तर दिले. प्रभूच्या दुःखात आपणा सर्वांचे दुःख सामावलेले आहे, अशा अर्थाचे. उत्तर खोटे नव्हते, पण ते फार लवकर दिलेले होते. बाई "बरं, फादर" एवढेच म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या. शाळेत एखाद्या मुलाने पाठ केलेले उत्तर धडाधड म्हटल्यावर त्या जशा 'बरं' म्हणत असतील, तसेच ते 'बरं' होते.

*

लहानपणी आमच्या धर्मशिक्षणाच्या वहीत एक तक्ता असे. डाव्या बाजूला जुन्या करारातील भाकीत, उजव्या बाजूला नव्या करारातील पूर्तता. तो तक्ता मी तोंडपाठ केला होता आणि त्यासाठी बक्षीसही मिळवले होते. पुढे पुण्याला नगर रस्त्यावरील सेमिनरीत शिकायला गेलो, तेव्हा तो तक्ता मनात घेऊनच गेलो.

हिब्रू शिकवणारे आमचे प्राध्यापक वर्गात एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत: आधी कवीला बोलू द्या, तुम्ही नंतर बोला. बाविसाव्या स्तोत्रातील हातापायांची ती ओळ त्यांनीच आम्हांला फळ्यावर उलगडून दाखवली होती. परंपरेने जतन झालेल्या हिब्रू पाठात त्या जागी जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'सिंहासारखे' असा होतो. ख्रिस्तपूर्व काळात खुद्द यहुदी विद्वानांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात मात्र तेथे 'खणले' अशा अर्थाचे क्रियापद आहे. मृत समुद्राच्या परिसरातील नाहल हेवेर येथे सापडलेल्या जुन्या गुंडाळीतही क्रियापदच दिसते, असे अनेक अभ्यासकांचे वाचन आहे. सारा फरक एका अक्षराचा. हिब्रूतील 'योद' आणि 'वाव' यांत दांडीच्या लांबीएवढेच अंतर. आपल्याकडे एखादी वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावरून जसा अर्थ पालटावा तसे हे. आणि विशेष म्हणजे स्तोत्राचा आरंभ, निंदकांची थट्टा आणि वस्त्रांची वाटणी यांचे पडसाद शुभवर्तमानात उमटले आहेत, पण हातापायांची ती ओळ नव्या करारात कुठेच उद्धृत केलेली नाही.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही त्या रविवारी मी त्यातले अक्षरही उच्चारले नाही, कारण तपशील बोटांवर मोजणे सोपे असते आणि ऐकणाऱ्यांनाही ते आवडते. बाईंनी विचारलेल्या प्रश्नापेक्षा माझ्या या मौनाची टोचणी मला अधिक लागली.

सेमिनरीतील आणखी एक आठवण त्या रात्री जागी झाली. आमचा वर्ग एकदा पुण्याच्या लष्कर भागातील लाल देऊळ पाहायला गेला होता. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले हे यहुदी प्रार्थनामंदिर. तेथे बेने इस्रायल समाजातील एक वृद्ध गृहस्थ आम्हांला भेटले. कोकणात पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखला गेलेला हा समाज. त्यांची मराठी माझ्यापेक्षा गोड होती. घरी कुणी आजारी पडले की आम्ही उशाशी बसून स्तोत्रे म्हणतो, असे त्यांनी सांगितले. आमच्यातील एकाने धीटपणे बाविसाव्या स्तोत्राचा विषय काढला. ते हसून म्हणाले, "आमच्याकडे ते एस्तेर राणीचं स्तोत्र मानतात. जिवावर उदार होऊन ती राजापुढे जायला निघाली, तेव्हा वाटेत तिनं हा टाहो फोडला, असं आमचे जुने आचार्य सांगतात." तालमूद या ग्रंथात ही परंपरा खरोखरच आहे, हे मी नंतर पडताळून पाहिले. थोड्या वेळाने ते आणखी म्हणाले, "तुमच्या प्रभूनंही शेवटी आमचंच स्तोत्र म्हटलं की. यहुदी आईनं शिकवलेलं."

तेव्हा मला ते बोलणे किंचित खटकले होते. आज वाटते, त्या सायंकाळी लाल देवळात मला जे शिकायला मिळाले, ते मी तक्त्याच्या भरात विसरून गेलो.

*

मग या काव्याला मसीहाविषयीची भविष्यवाणी म्हणायचेच नाही काय? काही आधुनिक अभ्यासक तसे सुचवतात. पण तेही मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे मला साताऱ्याने शिकवले.

साताऱ्यात माझी काही वर्षे सेवा झाली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला 'अभिषेक' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना येथेच राज्याभिषेक झाला. हिब्रूतील 'माशियाह' या शब्दाचा अर्थ नेमका हाच: अभिषिक्त, ज्याच्या मस्तकी तेल ओतले आहे तो. त्याचे ग्रीक रूप 'ख्रिस्तोस'. जेरुसलेमच्या गादीवर दाविदाच्या कुळातील राजा बसे, तेव्हा राजकवी त्याच्यासाठी गीत रची. दुसरे आणि एकशेदहावे स्तोत्र अशा राज्यारोहणाच्या सोहळ्यातील असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पंचेचाळिसावे तर उघडउघड राजाच्या विवाहाचे गीत आहे. कवीच्या डोळ्यांपुढे त्याच्या काळचा, हाडामांसाचा राजा होता.

पुढे ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. राजा कैद झाला, गादी रिकामी झाली. १८४८ मध्ये छत्रपती निपुत्रिक वारल्याचे निमित्त करून इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले. गादी रिकामी होणे म्हणजे काय, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. अशा वेळी राज्याभिषेकाच्या जुन्या गीतांचे काय होते? ती एक तर दप्तरात जातात, नाहीतर त्यांचा अर्थ पालटतो. यहुदी लोकांनी ती दप्तरात टाकली नाहीत. हद्दपारीहून परतल्यावर, डोक्यावर परक्यांचे राज्य असताना, त्यांनी ती आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवली आणि मंदिरात गात राहिले. गादीवर कुणी नसताना राजाचे गीत गाणे म्हणजे कुणीतरी येणार आहे, असे म्हणणे होय. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात 'शलमोनाची स्तोत्रे' या नावाची, आपल्या बायबलात नसलेली, जी यहुदी प्रार्थनागीते रचली गेली, त्यांत दाविदाच्या वंशातील या अभिषिक्ताची वाट पाहणे स्पष्ट दिसते. तेव्हा ही आशा ख्रिस्ती लोकांनी मागाहून चिकटवलेली नाही. ती त्या काव्याच्या पोटात वाढत होती. प्रेषितांनी तिला नाव दिले.

बाविसावे स्तोत्र मात्र या गीतांहून निराळे. त्यात राजा नाही, 'अभिषिक्त' हा शब्दही नाही. त्यात आहे एक छळलेला, टाकून दिलेला माणूस. एकशेपन्नास स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे अशीच विलापाची आहेत. कुणाचा ताप उतरत नाही, कुणाला शेजारी हसतात, कुणाला देव गप्प का हे कळत नाही. त्यांत कवीने स्वतःचे नाव कुठे गुंफलेले नाही, आणि म्हणूनच त्यात कुणालाही आपले नाव घालता येते.

*

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. तो बायबलातच विचारलेला आहे. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे दुःखी सेवकाचे गीत वाचत असतो आणि फिलिपला विचारतो, की संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कुणाविषयी. फिलिप त्याला वेड्यात काढत नाही. तेथून आरंभ करून तो त्याला येशूची सुवार्ता सांगतो. त्याच गीतातील सेवक म्हणजे दुःख सोसणारे इस्राएल राष्ट्र, असा अर्थ अकराव्या शतकातील थोर यहुदी भाष्यकार राशी यांनी केला. एकच गीत, दोन घरे.

ख्रिस्तसभेने या बाबतीत दोन्ही टोके टाळली आहेत. मोप्सुएस्तियाचे बिशप थिओडोर यांनी मोजक्या चार स्तोत्रांपलीकडे कुठे थेट ख्रिस्ताविषयी काही मानले नाही. त्यांच्या मतांचा ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या विश्वपरिषदेने निषेध केला. उलट, संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात बजावून ठेवले, की वादात पुरावा द्यायचा तो शब्दाच्या सरळ अर्थावरून द्यावा, गूढार्थावरून नव्हे. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या आपल्या विश्वपत्रात लेखकाचा मूळ हेतू शोधणे हे भाष्यकाराचे पहिले कर्तव्य ठरवले. आणि २००१ मध्ये परमधर्मपीठाच्या बायबल आयोगाने यहुदी लोक व त्यांचे धर्मग्रंथ यांविषयी जो दस्तऐवज सिद्ध केला, त्यात दोन गोष्टी स्पष्टपणे म्हटल्या: जुन्या करारातील भाकिते म्हणजे भावी घटनांची आगाऊ काढलेली छायाचित्रे नव्हेत, आणि यहुदी लोक आपल्या ग्रंथाचा जो अर्थ लावतात, तोही एक शक्य असलेला अर्थ आहे, हे ख्रिस्ती माणसाने मान्य करावे.

छायाचित्र! त्या रविवारी मी नेमके तेच छायाचित्र भिंतीवर टांगले होते.

*

त्या उन्हाळ्यात चर्चचा तंबोरा दुरुस्तीसाठी मिरजेला न्यावा लागला. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. एकेकाळी हत्यारे घडवणाऱ्या आणि पाजळणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले आणि तीच पुढे त्यांची ओळख झाली. २०२४ मध्ये येथील सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी याच गावी आपले घर केले आणि येथील दर्ग्याच्या आवारातच ते चिरविश्रांती घेत आहेत.

कारागिराने आमच्या तंबोऱ्याच्या तारा बदलल्या, घोडी घासली, तारांखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली. मग एकेक तार जुळवली: पंचम, दोन षड्ज आणि शेवटचा खर्ज. "आता ऐका," तो म्हणाला आणि छेडत राहिला. थोड्या वेळाने त्या नादातून एक पाचवा सूर वर आला. गंधार. एकही तार गंधारात लावलेली नव्हती. "हा स्वयंभू गंधार," तो म्हणाला. "हा लावता येत नाही. खर्ज नीट लागला आणि जवारी खुलली, की आपोआप बोलतो. खर्जच बेसूर असेल तर हा यायचा नाही."

मी तेथे बराच वेळ बसून राहिलो. हा गंधार म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनाचा खेळ नव्हे. खर्जाच्या तारेच्या कंपनांतच तो असतो, भौतिकशास्त्रही तेच सांगते. तरीही तो कुणी वेगळा छेडलेला नसतो. मला वाटले, माझ्या प्रवचनात चूक झाली ती येथे. मी गंधाराची वेगळी तार ओढून बांधायला निघालो होतो. खर्ज मी लावलाच नव्हता. त्या कवीचे दुःख, एस्तेरचा टाहो, रुग्णालयाच्या फाटकाबाहेरील त्या अकरा रात्री हा खर्ज आहे. तो पूर्ण ऐकला, तर त्यातूनच ख्रिस्ताचा सूर वर येतो, आणि मग तो कुणालाही नाकारता येत नाही. दुसरीही एक गोष्ट मनात आली. या घराण्यांनी हत्यारे सोडून वाद्ये हाती घेतली. आम्ही मात्र वाद्यांची हत्यारे करतो. युवकांच्या वहीत मी त्या दिवशी एक हत्यारच दिले होते.

साताऱ्याचीच आणखी एक आठवण येथे सांगितली पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यास येऊन राहिले. 'देवाचा दरबार' ही त्यांची अखेरची धडपड तेथलीच; १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. ते आपल्या कॅथॉलिक पंथाचे नव्हते, पण महाराष्ट्रातील प्रत्येक ख्रिस्ती माणूस त्यांचा ऋणी आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. तुकोबांना ख्रिस्त ठाऊक होता किंवा त्यांचा विठ्ठल म्हणजे गुप्तपणे येशूच, असा दावा त्यांनी केला नाही. आषाढीला ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तेव्हा रस्त्याकडेला उभे राहून एखाद्या वारकऱ्याला आपण म्हणू शकू काय, की बाबा, तुझा अभंग तुझा नाही, तो आमचा आहे? त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जे दिसेल, तेच लाल देवळातील त्या गृहस्थांच्या डोळ्यांत दिसले असते. पुलावरून पलीकडे गेलेल्याने पूल आपल्या मालकीचा म्हणू नये. पण आपण कोठे पोहोचलो, ते सांगायला संकोचही करू नये. टिळकांनी तो संकोच केला नाही.

*

पावसाळा लागल्यावर एका दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. भिंतीवर मुलाचा फोटो होता, शेजारी पवित्र हृदयाची तसबीर. बाईंनी चहा ठेवला. मी म्हणालो, "बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय. उशीर झाला."

मी त्यांना सिंहाची गोष्ट सांगितली, एस्तेरची सांगितली, तंबोऱ्याचीही सांगितली. मग म्हणालो, "ते पत्र दुसऱ्याचं नव्हतं. ते आधी एका नाव नसलेल्या माणसाचं, मग त्याच्यासारख्या हजारोंचं, आणि तुमचंही. प्रभूनं क्रुसावर ते भाकीत खरं ठरलं हे दाखवायला म्हटलं नाही. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून म्हटलं. तुमच्यासारखंच. ते त्याचं झालं, कारण ते अगोदर तुमचं होतं."

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या रात्री मी म्हणत होते, तेव्हा तोही म्हणत होता."

"हो," मी म्हणालो. माझ्या सबंध धर्मशास्त्राला जे सांगायला इतके दिवस लागले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

"आणि उत्तर दोघांनाही लगेच मिळालं नाही," त्या म्हणाल्या.

यावर मी काही बोललो नाही. ते स्तोत्र शेवटी आभाराकडे वळते, हे मला सांगता आले असते; ते खरेही आहे. पण तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला मी आता थोडे शिकलो आहे. युवक मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी त्या ओळीचे दोन्ही पाठ मुलांपुढे ठेवले आणि माझ्या प्रवचनातील उतावीळपणाही सांगितला. कुणाची श्रद्धा डळमळली नाही. एकाने वहीतले पान मात्र खोडले.

२०२४ च्या झावळ्यांच्या रविवारी मार्कच्या शुभवर्तमानाचे वाचन होते. प्रतिसाद स्तोत्र गाण्याऐवजी ते वाचावे आणि ते बाईंनी वाचावे, अशी मी त्यांना विनंती केली होती. त्या चष्मा पुसून उभ्या राहिल्या. शाळेत कविता वाचावी तसे त्यांनी ते सावकाश, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देत वाचले. मधे एका ठिकाणी त्या थांबल्या. सारे चर्च थांबले. मग त्यांनी पुढचे वाचले.

त्या दिवशी मी प्रवचन केले नाही.